मेहुणेसाहेबांचा पूल

"पूल पडणार म्हणतोस? मग कोणत्या दिवशी पडणार तेही सांग!" रणधवल महाराज कडाडले. "उद्या दरबारात दिवस सांगायचा. त्या दिवशी पूल पडला नाही, तर तुझं मुंडकं पडेल!"

केरबा नावाडी जागच्या जागी थिजला. पुलाखालून नाव नेताना त्यानं सहज खांबाला वल्हं टेकवलं होतं, तर मूठभर चुना पिठासारखा भुरभुरत पाण्यात पडला. हे तो बाजारात कुणाजवळ तरी बोलून गेला. एवढाच त्याचा गुन्हा! पण पूल साधासुधा नव्हता. राणीसाहेबांचे सख्खे भाऊ गुणवंतराव यांनी तो बांधला होता. राजजोश्यांनी त्याची कुंडली मांडून 'आयुष्य हजार वर्षं' असं ठणकावून सांगितलं होतं. येत्या दसऱ्याला खुद्द महाराज हत्तीवर बसून त्यावरून सीमोल्लंघनाला निघणार होते. अशा पुलाला नावं ठेवायची म्हणजे राणीसाहेबांच्या माहेरालाच नावं ठेवायची!

केरबा घरी आला तो भिंतीला टेकून बसला. त्याची लेक साळू वल्हं मारण्यात बापाच्या वरताण होती, आणि तिची जीभ वल्ह्याहून लांब होती.

"आबा, मग कोणता दिवस सांगणार?"

"कोणता सांगू? पडणार हे खरं. पण कधी, ते त्या पुलाला तरी ठाऊक आहे का?"

"उद्या दरबारात तुमच्याऐवजी मी जाते."

"अगं, मुंडकं उडवतील!"

"माझी मान बारीक आहे. नेम चुकेल त्यांचा!"

बोलताना बोलून गेली खरी, पण सकाळी घाटावर नाव सोडताना तिला दोरीची गाठच सापडेना. एवढ्यात जरीचा अंगरखा सावरत स्वारी आली. गुणवंतराव!

"ए पोरी, चल लवकर! दरबाराला उशीर होतोय."

"सरकार, तुमचा पूल आहे की! त्यावरनं गेला असता तर एव्हाना पोचला असता."

"पुलावर वारा फार. आम्हाला सर्दी होते."

"आणि परवा?"

"परवा ऊन होतं. तुला काय करायच्यात चौकशा?"

"बरं, पुलाखालनं घेते. जवळ पडतं."

"नको! नको!" गुणवंतरावांनी नावेची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली. "लांबून घे! आणखी लांबून!"

साळूनं नाव लांबून घेतली. पलीकडचा काठ येईपर्यंत ती चक्क गाणं गुणगुणत होती.

दरबार खच्चून भरला होता. महाराजांनी मिशीला पीळ दिला. "बापाऐवजी पोर आली? हरकत नाही. बोल, दिवस कोणता?"

राजजोशी मध्येच पुढे सरसावले. "महाराज, आमचं गणित पक्कं आहे. हजार वर्षं!"

"जोशीबुवा," साळू म्हणाली, "हजार वर्षांनी तुमचं गणित चुकलं, तर मुंडकं कुणाचं उडवायचं?"

दरबारात खसखस पिकली. जोशीबुवा पंचांगात तोंड घालून बसले.

"दिवस सांग!" महाराजांनी आसनावर मूठ आपटली.

"सांगते, महाराज. ज्या दिवशी मेहुणेसाहेब पुलावरून जातील, त्या दिवशी पूल पडेल!"

"आणि ते कधी जाणार?"

"कधीच नाही! म्हणून तर अजून उभा आहे!" साळूनं हात जोडले. "पूल झाल्यापासून सगळा गाव त्यावरून जातो, गुरंढोरं जातात, वराती जातात. मेहुणेसाहेब तेवढे आमच्या नावेनं येतात. आजही आलेत. बघा, अंगरख्याचा काठ अजून ओला आहे!"

साऱ्या माना वळल्या. गुणवंतरावांनी अंगरखा मुठीत गोळा केला.

"खोटं बोलते!" ते किंचाळले.

"खोटं असेल तर आत्ता सिद्ध होईल," महाराज म्हणाले. "गुणवंतराव, पुलावरून जाऊन या."

"महाराज, आज गुडघा..."

"मग हत्तीवर बसून जा. आमचा हत्ती न्या!"

"हत्ती?" गुणवंतरावांनी भर दरबारात बसकण मारली. "दया करा, महाराज! चुन्यात थोडी राख पडली हो!"

"किती थोडी?"

गुणवंतरावांनी मान खाली घातली. "खरं सांगायचं तर... राखेत थोडा चुना पडला."

सगळ्यांना वाटलं, आता तलवार निघणार. पण महाराजांच्या मिश्या थरथरल्या आणि ते खो खो हसत सुटले. "पूल राहिला बाजूला, मेहुणाच कोसळला!"

डोळे पुसून त्यांनी पूल बंद करण्याचा हुकूम सोडला आणि मग साळूकडे बोट रोखलं. "सुटलीस असं समजू नकोस! आता नवा पूल बांधायचा. तो टिकेल की नाही, हे आधीच कसं ओळखायचं? वल्हं टेकवून नाही, कुंडली मांडून नाही. सांग!"

"सोपं आहे. नवा पूलही मेहुणेसाहेबांनाच बांधू द्या."

"काय?" महाराज उडालेच.

"पण त्यांचं बिऱ्हाड काठाकडच्या कमानीखाली थाटा. बैठक इकडे, माजघर तिकडे आणि निजायची खाट बरोबर मध्ये. पूल झाला की पहिला हत्ती दुपारी त्यांच्या वामकुक्षीच्या वेळेला जाऊ द्या. मेहुणेसाहेब खाली घोरत असले, तर महाराजांनी खुशाल सीमोल्लंघनाला निघावं!"

आता मात्र महाराज असे हसले, असे हसले, की पगडी घरंगळत जोशीबुवांच्या मांडीवर जाऊन पडली. त्यांनी दंडावरचं सोन्याचं कडं काढून साळूच्या हातावर ठेवलं आणि केरबाला नव्या पुलाचा नाईक नेमला. साळूनं कडं पदराला बांधलं, महाराजांना मुजरा केला आणि गुणवंतरावांकडे वळून म्हणाली, "चला सरकार, नाव तयार आहे. तुमची खाट आणायची ना?"