गढूळ कणांचं वय

“मग बाई, सही अडवलीय तरी कशासाठी?”

विश्राम गावंडेनं हे चौथ्यांदा विचारलं. गोदावरीबाई सोहनी खिडकीपाशी बसून पेरू कापत होत्या. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी प्रयोगशाळेतली ती कोपऱ्यातली खोली त्यांचीच होती. दगडांचं वय काढायला शिकणारा जो तो तिथे त्यांच्या हाताखालून जायचा.

विश्रामचा खड्डा पाच कोस रुंद होता. कधीकाळी आकाशातून डोंगराएवढा धोंडा येऊन तिथे आदळला, खालचा खडक वितळला आणि पुन्हा थिजला. हे घडलं कधी, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. विश्रामनं ते काढलं होतं... अडीचशे कोटी वर्षांपूर्वी. जगातल्या सर्वांत जुन्या खड्ड्यांत त्याची गणना होणार होती. परदेशातून व्याख्यानाचं बोलावणं आलं होतं, निबंध उद्या सकाळी पाठवायचा होता, आणि त्यावर बाईंची सही तेवढी हवी होती. स्वारीचे पाय तीन दिवस जमिनीला लागले नव्हते.

गणित बिनचूक होतं, हे त्याच्या शत्रूनंही मान्य केलं असतं. त्या खडकात झिरकॉन नावाच्या खनिजाचे बारीक कण असतात. कण जन्मतो तेव्हा युरेनियमला आत घेतो आणि शिशाला दारातच उभं करतो. पुढे आतल्या युरेनियमचं ठरलेल्या गतीनं शिसं होत जातं. किती शिसं साठलं ते मोजलं, की वय हातात येतं. विश्रामनं बासष्ट कण मोजले होते आणि बासष्टही कण एकच आकडा सांगत होते.

बाईंनी पेरूची एक फोड त्याच्यापुढे केली.

“कण वेचलेस कसे?”

“वेचतात तसेच. स्वच्छ, आरपार दिसणारे, एकही तडा नसलेले.”

“आणि बाकीचे?”

“गढूळ होते, बाई. कचरा.”

तडा गेलेल्या कणातून शिसं गळतं आणि वय चुकतं, हे त्यानं बाईंना समजावूनही सांगितलं. ज्यांनी त्याला ते शिकवलं त्यांनाच तो ते शिकवत होता. बाईंनी शांतपणे मान डोलावली, कारण त्यात चूक काहीच नव्हती.

“कचरा आण,” त्या म्हणाल्या.

फेकायची राहून गेलेली काचेची बशी त्यानं तोंड वाकडं करत आणली. बाईंकडे एक बांबूची काडी होती आणि तिच्या टोकाला त्यांचाच एक केस चिकटवलेला होता. कण उचलायला त्यांना दुसरं काही चालत नसे. त्या केसानं त्यांनी सगळ्यांत गढूळ कण उचलला, शेजारच्या खोलीतल्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात ठेवला आणि खुर्ची विश्रामला देऊन स्वतः मागे उभ्या राहिल्या.

पडद्यावर कण मोठा होत गेला...

तो एक कण नव्हताच. शेकडो इवले कण होते, खसखशीसारखे, एकमेकांना बिलगून जुन्या कणाच्याच आकारात बसलेले. प्रत्येक जण नवा आणि नितळ.

विश्राम पडद्याकडे आणखी वाकला. त्याला कळत होतं, आणि कळत होतं तसा अंगावर काटा येत होता. धोंडा आदळला त्या घटकेला हा कण पार मोडला होता. त्या आगीत त्यानं साठवलेलं सगळं शिसं सोडून दिलं होतं आणि आपल्याच चुऱ्यातून तो पुन्हा जन्मला होता. आकाश जमिनीवर कोसळलं तो क्षण इथे होता, केसाच्या टोकावर मावेल एवढा. आणि तीन आठवडे आपण तोच काडीनं बाजूला सारत होतो.

त्याला स्वतःची लाज वाटली. पण त्याहून मोठं काहीतरी वाटलं, आणि त्यापुढे लाजही टिकली नाही.

“बाई... माझे बासष्ट कण खोटं बोलले?”

“छे. त्यांनी आपापला जन्म सांगितला, धोंडा येण्याआधीचा. घाव त्यांना बसलाच नव्हता... त्याची वेळ ते कुठून सांगणार?”

दुसऱ्या दिवशी निबंध गेला नाही. गढूळ कण मोजायला अकरा दिवस लागले. बाराव्या दिवशी दुपारी विश्राम नवा कागद घेऊन आला. खड्ड्याचं वय आलं होतं त्र्याण्णव कोटी वर्षं. सर्वांत जुन्यांच्या यादीत त्याला आता जागा नव्हती, आणि परदेशचं बोलावणंही मागे घेतलं गेलं होतं. पण तो आकडा सांगताना त्याचा आवाज आपोआप खाली आला, देवळात येतो तसा.

बाईंनी कागद पुरता वाचला आणि लगेच सही केली.

तरी तो दारात घुटमळला.

“बाई, तीन आठवडे तुमच्या डोळ्यांसमोर वेचत होतो. पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?”

बाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा घातला...

“तेव्हा तुला कुठेच तडा नव्हता.”