माकडहाडापासून वर

एकदा एका अस्थिवैद्याने आपल्याच पाठशाळेच्या दारावरची मानाची पाटी स्वतःच्या हाताने उतरवली. लोक म्हणाले, म्हातारपणी बुद्धी फिरली. तसे काही नव्हते. काय झाले ते सांगतो.

त्या राज्यात नियम कडक होता. राजमुद्रा मिळाल्याशिवाय कुणी रोग्याच्या पाठीला हात लावायचा नाही. मुद्रा मिळायची ती परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर, आणि परीक्षेला बसता यायचे ते गुरूने 'हा पात्र आहे' असा शब्द दिल्यावर. नियम चांगलाच होता. माणसाचा कणा म्हणजे काही पाट्यावरचा वरवंटा नव्हे, की कुणीही यावे आणि फिरवावा. या वैद्यांच्या पाठशाळेचा लौकिक मोठा होता. दारावर पितळी पाटी होती : 'येथील एकही शिष्य आजवर अनुत्तीर्ण झालेला नाही.' लांबलांबचे लोक ती पाटी वाचूनच आपली मुले तिथे घालत.

परीक्षेची तयारी त्र्यंबक पाही. तो वैद्यांचा पट्टशिष्य, बुद्धीने तल्लख. कुणाला पाठवायचे आणि कुणाला थांबवायचे हे तोच सुचवी, आणि वैद्य ते मानीत.

त्या साली केरबा नावाचा शिष्य गुरूंपुढे येऊन उभा राहिला. केरबा डोंगरातला. त्याच्या गावची माणसे लाकडाच्या मोळ्या वाहत. ऐन उमेदीत त्यांच्या पाठीला बाक येई, आणि हाड बसवणारा जवळपास कुणी नव्हता. शिक्षण पुरे होऊनही केरबाला दोनदा थांबवण्यात आले होते.

"गुरुजी," तो म्हणाला, "माझ्यात काय कमी आहे ते सांगा, नाहीतर मला परीक्षेला जाऊ द्या. गावाकडं माणसं वाट बघतायत."

वैद्यांनी त्र्यंबकाकडे पाहिले. "काय कमी आहे रे याच्यात?"

"कमी असे काही नाही. हात उत्तम आहे," त्र्यंबक म्हणाला. "पण कुणी विचारू लागले की गडबडतो. आपण पाठवला आणि पडला, तर आजवरचे सगळे धुळीला मिळेल. झाकली मूठ सव्वा लाखाची, गुरुजी. आणखी एक वर्ष थांबू दे त्याला."

"म्हणजे तो पात्र आहे. भीती आपल्याला वाटते, आणि थांबायचे मात्र त्याने."

वैद्यांनी केरबाच्या मस्तकावर हात ठेवला आणि शब्द दिला.

आता असल्या गोष्टींतला भोळा शिष्य राजधानीत जाऊन सगळ्यांना चकित करतो, अशी आपल्याला सवय झालेली असते. केरबाने तसे काही केले नाही. तो सपशेल पडला.

बातमी त्याच्या आधी पाठशाळेच्या गावात आली. बाजारात कुजबुज सुरू झाली, 'नाव मोठे, लक्षण खोटे' म्हणून झाले. त्र्यंबकाला अन्न गोड लागेना. वैद्यांनी मात्र शांतपणे जेवण उरकले, दारावरची पाटी उतरवून कोठीत ठेवली, आणि केरबाला आणायला वेशीकडे निघाले. त्र्यंबक धुसफुसत मागून गेला. पडलेल्या शिष्याला सामोरे जायचे, हे त्याने कधी पाहिले नव्हते.

केरबा वेशीत आला आणि गुरूंना पाहून जागच्या जागी थांबला. "गुरुजी, तुमचं नाव घालवलं मी."

"नावाचे राहू दे. अडलास कुठे ते सांग."

"रोग्याला पालथं निजवलं होतं. परीक्षक म्हणाले, माकडहाडापासून वर चढत जा आणि दुखरा मणका कोणता ते नावानं सांग. बोटाला मणका लागला हो, पण नाव येईना. आपण मानेपासून खाली म्हणतो ना? मग मी मनात मानेपासून सुरुवात केली. मध्येच परीक्षक काही विचारायचे, मी चुकायचो, पुन्हा मानेपासून. तेवढ्यात घटका भरली."

वैद्य वेशीच्या कट्ट्यावर बसले आणि मनापासून हसले. मग म्हणाले, "त्र्यंबका, मानेपासून खाली. माझ्या गुरूंनी मला तसे शिकवले, मी तुम्हांला तसेच शिकवले. वर चढताना काय करायचे, हे मी कधी शिकवलेच नाही. तू कसा सुटलास?"

"मनातल्या मनात उलटा हिशेब केला," त्र्यंबक हळूच म्हणाला.

"तुम्ही हुशार मुले असेच सुटत आलात, आणि माझे शिकवणे लंगडे आहे हे झाकले गेले. याच्या पडण्याने ते मला दिसले. आणि ती पाटी? ज्यांना आपण बसूच दिले नाही, त्यांचे काय झाले ते ती सांगत नव्हती. पात्र माणसाला परीक्षेचा हक्क असतो. आपण त्याच्याकडे यशाची हमी मागितली आणि त्याचा हक्क अडवून धरला. हा धीराने गेला, पडला, आणि तोंड न लपवता परत आला. मला याचा अभिमान वाटतो. अगदी उघडपणे सांगतो, फार अभिमान वाटतो."

दुसऱ्या दिवसापासून पाठशाळेत मणके दोन्ही बाजूंनी म्हणायला सुरुवात झाली. वर चढताना सगळ्यांचीच जीभ अडखळे, त्र्यंबकाची सुद्धा, आणि मग पोरे खुदखुदत. पुढच्या परीक्षेत केरबा उत्तीर्ण झाला. पहिला वगैरे नाही, पण स्वच्छ उत्तीर्ण. मुद्रा घेऊन तो डोंगरात आपल्या गावी गेला, आणि म्हातारे वैद्य भेटेल त्याला ते सांगत सुटले.

पुन्हा परीक्षेचे दिवस आले. त्र्यंबक दोन शिष्यांना घेऊन गुरूंपुढे उभा राहिला. दोघांनाही त्यानेच मागे थांबवले होते.

"गुरुजी, हे दोघे पात्र आहेत. उत्तीर्ण होतील की नाही, हे मला ठाऊक नाही. पडले तर त्यांना आणायला मी जाईन."

वैद्यांचे डोळे भरून आले. त्यांनी त्र्यंबकाला जवळ बसवून घेतले. "माझ्या हातून काही राहून गेले असेल, तर ते आता तू पुरे करशील," ते म्हणाले. "यंदा यांच्यासाठी शब्द तू दे."