दुखण्याला हुकूम

बादशहाने साऱ्या मुलखात भांगेवर बंदी घातली होती. पण त्याच्या एका मांडलिक राजाने आपल्या राज्यात औषधापुरती ती मोकळी ठेवली. एके दिवशी बादशहाचा अंमलदार म्हाळसा वैदिणीच्या दारात येऊन गरजला, “तुमच्या राजाची परवानगी आमच्यापुढे चालत नाही. सगळी भांग जाळा!”

आत लढाईत पाय गमावलेला एक शिपाई कण्हत होता.

म्हाळसा शांतपणे म्हणाली, “सरकार, आमच्या राजांचा हुकूम दुखणं ऐकत नाही, म्हणून त्यांनी भांगेला परवानगी दिली. बादशहांचा हुकूम मोठा. त्यांच्या नावाने या दुखण्याला थांबायला सांगा. ते थांबलं, की भांग मीच जाळते.”

अंमलदाराने आत डोकावून त्या शिपायाकडे पाहिलं.

“औषध द्या त्याला,” एवढंच म्हणून तो घोड्याकडे वळला.