मुरलेले टायर

इंदुमतीबाई कुंभार पायाने अधू, पण तीनचाकी मोटारसायकल झोकात चालवायच्या. उद्या पहिल्यांदाच आईला मागे बसवून त्या फोंडा घाट उतरणार होत्या आणि आनंदाने त्यांना काही सुचत नव्हतं. मागचे दोन्ही टायर मात्र गुळगुळीत झाले होते, म्हणून त्या दादासाहेब शेट्यांच्या दुकानात गेल्या.

टायरमधलं आपल्याइतकं कोल्हापुरात कुणाला कळत नाही, असा दादासाहेबांचा तोरा. त्यांनी दोन टायर पुढे केले. बाईंनी टायरच्या कडेवर छापलेला बनावटीचा आकडा वाचला. टायर सात वर्षांपूर्वीचे होते.

"हे जुने आहेत, दादासाहेब."

"बाई, रबर लोणच्यासारखं असतं. मुरलं की नव्याहून चांगलं होतं. तुम्हाला त्यातलं काय कळणार?"

बाईंनी दारात उभ्या असलेल्या दादासाहेबांच्या नव्या कोऱ्या मोटारीकडे पाहिलं. बाईंच्या तीनचाकीची मागची चाकं मोटारीचीच होती, त्यामुळे टायरचं माप अगदी तेच होतं.

"मग इतकी चांगली वस्तू मी कशी नेऊ? हे मुरलेले तुमच्या गाडीला लावा आणि तुमचे कच्चे मला द्या. मी घेईन चालवून."

दुकानात हशा पिकला. दादासाहेबांनी आतून त्याच महिन्यात बनलेले टायर काढले.

दुसऱ्या दिवशी घाटाच्या पायथ्याशी आई म्हणाली, "इंदू, एवढ्यात संपला घाट?"