थेट तळ्यात

एक जंगल होतं. झाडं होती तोवर सगळे त्याला जंगल म्हणायचे. झाडं संपल्यावर त्याचं अस्वलनगर झालं. राजे अस्वलराव रीतसर निवडून आलेले होते आणि निवडून आल्यापासून बहुतेक वेळ झोपलेले असत. ‘थेट राजा, थेट प्रजा’ ही त्यांची घोषणा. राजा आणि प्रजेच्या मध्ये कुणी नको, असा तिचा अर्थ. मध्ये फक्त प्रधान तरस होता.

अस्वलनगरात दोन चर होते. एक मैल्याचा. तो गाळणखड्ड्यात जायचा, आणि तिथली खडी, वाळू, लव्हाळी पाणी गाळून पुढे सोडायची. दुसरा पावसाचा. पावसाचं पाणी काय, स्वच्छच असतं, त्याला कशाला गाळायचं, म्हणून तो उतारावरून सरळ तळ्यात सोडलेला. विचार बरोबर होता. फक्त पाऊस एकटा येत नाही, वाटेत भेटेल त्याला बरोबर घेतो, हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. रेड्यांच्या गाड्यांचं वंगण, रानडुकरांच्या शेतातलं खत, माकडांच्या गल्लीतला चिखल, सगळं मिळून चरातून खाली यायचं. तळं कुणीच घाण करत नव्हतं. जो तो आपलं अंगण धूत होता.

त्या तळ्यात कोंडाबाई पाणकोंबडी राहायची. गेल्या साली तिची चार पिल्लं पहिल्यांदा पाण्यात उतरली आणि वंगणाच्या तवंगात पिसं चिकटून तिच्या डोळ्यांदेखत बुडाली. ते दुःख तिच्या पोटातून गेलं नव्हतं. यंदा पुन्हा चार अंडी होती. पिल्लं बाहेर यायच्या आत तळं निदान पोहण्यापुरतं साफ व्हावं, एवढंच तिचं म्हणणं. अंड्यांवर नवऱ्याला बसवून ती दरबारात गेली.

“महाराज,” ती म्हणाली, “पावसाचा चर तळ्याला मिळतो तिथे एक गाळणखड्डा खणा. खडी तेवढी द्या. लव्हाळी मी आणून लावते.”

महाराजांनी एक डोळा उघडून प्रधानाकडे पाहिलं.

“खड्डा जमिनीत असतो, बाई,” तरस समजुतीने म्हणाला. “तो दिसणार कुणाला? खरा प्रश्न प्रजेच्या अज्ञानाचा आहे. आपण जनजागृती करू.”

“किती वाजता उठवायचं त्यांना?” महाराजांनी विचारलं आणि डोळा मिटला. दरबाराने टाळ्या वाजवल्या.

मग समिती बसली. गावात पावसाच्या चराच्या प्रत्येक तोंडाशी पाटी लावायची ठरली. ‘यात काही टाकू नका, हे थेट तळ्यात जाते,’ असं कोंडाबाईने सुचवलं. समितीला ‘नका’ खटकलं. महाराजांच्या राज्यात नकार कसला? ‘नका’ गेलं, त्याच्यामागून ‘यात काही टाकू’ही गेलं. उरलेल्यातलं ‘थेट तळ्यात’ मात्र सर्वांना पसंत पडलं, कारण त्यात घोषणेतला शब्द होता; पुढे फक्त ‘येथून’ जोडलं. आठ दिवसांत गावभर पाट्या लागल्या. वर महाराजांचं हसरं तोंड, खाली ठळक अक्षरं: ‘येथून थेट तळ्यात.’

दुसऱ्या दिवशी सकाळी साळूबाई साळिंदर टोपलीभर निर्माल्य घेऊन पाटीपाशी आली. वडाखालच्या शेंदऱ्या दगडाची फुलं ती वर्षानुवर्षं दोन कोस चालत तळ्यात सोडायची. गुडघे पार गेले होते. तिने पाटी वाचली, पाटीला हात जोडले आणि टोपली चरात रिकामी केली.

“अहो साळूबाई, यात नका टाकू,” कोंडाबाई धावत आली. “सगळं तळ्यात येतं.”

“तेच तर लिहिलंय की. राजानं म्हातारीची सोय केली गं बाई.”

“माझी पोरं मरतात त्यानं.”

साळूबाईला वाईट वाटलं. तिने कोंडाबाईच्या पाठीवरून हात फिरवला, आणि पुन्हा एकदा पाटीकडे पाहिलं. “पण सरकारी पाटी आहे,” ती म्हणाली. “खोटं कशाला लिहितील?”

ही बातमी दुपारपर्यंत गावभर झाली. संध्याकाळी चराशी रांग लागली. हार आले, नारळ आले, होमाची राख आली. जुन्या तसबिरी आल्या. रेड्यांनी गाड्यांचं जळकं वंगण डबे भरून आणलं, कारण तेही कुठेतरी टाकायचंच होतं आणि आता सोय झाली होती. तरस पाहणीला आला आणि गर्दी बघून गहिवरला. “याला म्हणतात प्रतिसाद,” तो म्हणाला. त्याने रांगेसाठी मांडव घालून दिला.

मग पाऊस आला. रांगेने जमवलेलं सगळं त्याने एका दमात तळ्यात नेलं. पाट्यांचा रंगही उतरला आणि महाराजांचं हसू वितळून त्याच वाटेने गेलं.

त्याच आठवड्यात पिल्लं बाहेर आली. चारही. कोंडाबाईने त्यांना काठावरच अडवून धरलं. एक धाकटं पाण्याकडे पळालं, तिने मानेला धरून ओढून आणलं. त्याचे दोन्ही पाय काळे झाले होते. घासून घासून तिची चोच दुखली, तेव्हा कुठे तो काळा थर निघाला. त्या दिवसापासून पिल्लं मातीत किडे टिपू लागली.

“आई, आपल्या नावात पाण कशाला आहे?” धाकट्याने विचारलं. कोंडाबाईने पिल्लं नवऱ्याकडे सोपवली. ती उठली आणि पुन्हा दरबारात गेली.

तरसाने तिचा अर्ज नीट वाचला. “राहता कुठे?”

“काठावर. पिल्लांना पाण्यात सोडवत नाही.”

“मग तुम्ही कोंबडी,” तरस म्हणाला आणि नोंदीतलं ‘पाण’ खोडलं. “तळ्याबद्दल तक्रार फक्त तळ्यात राहणाऱ्यांची घेतो आम्ही.”

वर्षअखेरीस राजपत्रात अहवाल छापून आला. जनजागृती मोहीम पूर्ण यशस्वी झाली होती. तळ्यात राहणाऱ्यांपैकी एकाचीही तक्रार नव्हती.