होडीचा वाटा

आगरखाडीच्या कोळीवाड्यात एक रीत होती. होडी किनाऱ्याला लागली की मासळीचे वाटे पडायचे: खलाशांचे, होडीच्या मालकाचा आणि थकल्याभागल्या म्हाताऱ्यांचा. पण तरणी पोरं शहराकडे गेली, म्हातारी माणसं वाढत चालली, आणि होडीचा मालक गोमाजी नाखवा एका सकाळी वाळूवर उभा राहून गरजला, “आजपासून समुद्रावर जाईल त्यालाच वाटा. बसून खाणाऱ्यांना नाही.”

म्हाताऱ्यांनी आपल्या टोपल्या मागे ओढल्या. नाखवा बिथरला तर आपल्या पोराला होडीवरून उतरवील, ही धास्ती प्रत्येकाला होती. म्हाताऱ्या चांगुणाबाईलाही होती; तिचा पोरगा हसूराम समोरच जाळं झटकत होता. तरी ती रिकामी टोपली घेऊन पुढे झाली.

“गोमाजी, काल तू समुद्रावर होतास?”

“मी घरी होतो.”

“मग तुझा वाटा कसला?”

खलाशांचे हात जागीच थांबले. नाखव्याच्या कपाळाची शीर तट्ट फुगली. “होडी गेली होती ना? ती मी घडवली, म्हातारे. तिच्यापायी झिजलो. जो घडवतो, तो घरी निजला तरी त्याचा वाटा त्याला मिळतोच.”

“सगळ्यांनी ऐकलंत?” चांगुणाबाईने टोपली त्याच्या पायाशी ठेवली. “होडी तू घडवलीस, तुझा वाटा उचल. ती वल्हवणारी पोरं आम्ही घडवली. आमचा इथे टाक.”

होडीवरच्या म्होरक्या तांडेलाने नाखव्याकडे न बघताच पहिली सुरमई टोपलीत टाकली.