पायरीवर राहिलेल्या वहाणा

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हाच्या राजाचे नावही आता कुणाला आठवत नाही.

सकाळची वेळ. सूर्य कासराभर वर आला होता. राजाच्या औषधशाळेला सात पायऱ्या होत्या. त्यांतल्या पाचवीवर एक विणकरीण कोसळली आणि तिथेच मेली. औषध तिच्यापासून दहा हातांवर होते.

नियम असा होता, की जो आपल्या पायांनी सात पायऱ्या चढेल, त्यालाच औषध. कुणी हात द्यायचा नाही, कुणाला उचलून आणायचे नाही.

विणकर आळीचा म्हातारा वैद्य धावत आला. तिला त्यानेच पाठवले होते. तिच्या नवऱ्यालाही तोच ताप होता आणि त्याचे पाय तर उचलतच नव्हते. दोन दिवसांत काढा पोटात गेला नाही, तर तोही जाणार. काढ्याची मुळी फक्त राजाच्या बागेत उगवायची.

पहिल्या पायरीशी काढलेल्या तिच्या वहाणा द्वारपालाने उचलल्या.

"वैद्यबुवा, यासुद्धा खालच्या कोठीत ठेवू ना?"

"यासुद्धा म्हणजे?"

"आत जाऊन आलेला माणूस आपल्या वहाणा घालून जातो. ज्याला खांद्यावरून नेतात, त्याच्या राहतात. फेकवत नाहीत हो माझ्याच्याने."

वैद्याने पायऱ्यांखालच्या कोठीत डोकावून पाहिले आणि तो तिथले जोड मोजू लागला. चाळीस भरले.

दुपारी तो वैद्यसभेत गेला. म्हणाला, "उद्या माझ्याबरोबर दरबारात चला."

कुणी मान खाली घातली, कुणी खलबत्ता जवळ ओढला. सभेचा प्रमुख हसला. "अहो बुवा, आपण मात्रा उगाळावी. राजाशी कशाला वाकड्यात शिरता?"

"मात्रा रोग्यापर्यंत पोचतच नसेल, तर उगाळून काय करू?"

दुसऱ्या दिवशी तो एकटाच दरबारात गेला. पाठीवर पोते होते.

राजवैद्य सांगत होता, "महाराज, शंभर जण आत येतात, नव्याण्णव बरे होतात. अशी औषधशाळा सात राज्यांत नाही."

"आणि आत न पोचलेले?" असे म्हणत म्हाताऱ्याने पोत्यातल्या वहाणा जमिनीवर ओतल्या.

"दरबारात चामडे?" राजवैद्य ओरडला. "लाज विकलीत काय?"

म्हातारा खाली बसला आणि एकेक जोड उचलू लागला.

"ही परटाची. डाव्या पायाला अंगठा नव्हता, म्हणून पट्टा असा तिरका. ही तेलघाण्यावरच्या आजीची. टाचेला भेगा, म्हणून आत हा कापूस मीच घातलेला. ही सुईणीची. महाराज, आपल्याला पहिल्यांदा हातात घेतले ते हिने."

राजा सिंहासनावर पुढे सरकला.

ही सारी घरे म्हाताऱ्याच्या रोजच्या फेरीतली होती, हे पाय त्याच्या हातांखालून गेलेले होते. एक जोडही तो चुकला नाही. एक्केचाळिसावा मात्र त्याने मांडीवर ठेवला.

"ही कालची. हिला मीच सांगितले, चालत जा बाई, वाटेत बसू नकोस. नियम मीही मुकाट पाळला, महाराज. हिचा नवरा घरी पडलाय. त्याला पाठवू कसा?"

"खाटेवरून आणा," राजा म्हणाला. "यापुढे ज्याला चालवत नाही, त्याला आधी औषध." मग त्याने दरबारावर नजर फिरवली. "हा नियम केला कुणी?"

प्रधानाने राजवैद्याकडे पाहिले. राजवैद्याने प्रधानाकडे पाहिले.

संध्याकाळच्या आत चौघांनी विणकराला खाटेवरून आणले. बाराव्या दिवशी तो आपल्या पायांनी घरी गेला. बायकोच्या वहाणा त्याच्या हातात होत्या.

वैद्यसभेने म्हाताऱ्याचे आसन काढून घेतले. दरबारात चामडे आणल्याबद्दल. तो आळीत गेला आणि नेहमीसारखा दारोदार नाडी पाहू लागला.

तात्पर्य: नुसती नाडी पाहून वैद्य होता येत नाही, रोग्याची वाट अडवणाऱ्याला जाब विचारावा लागतो.

उरलेले चाळीस जोड अजून दरबारात पडून आहेत. राजाच्या प्रश्नाला अजून कुणी उत्तर दिलेले नाही.